सोने आणि पितळ

दृष्टांत : सोने व पितळ दोन्ही पिवळीच. घासलेले पितळ क्षणभर सोन्याहूनही झळकते. परंतु पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण; सोने मूळ धातू. समान आकारात सोन्याचे वजन दुपटीहून अधिक भरते. कसोटीवरील रेघेस तेजाब लाविले असता पितळेची रेघ विरते, सोन्याची टिकते.

दार्ष्टांतिक : तसेच वैराग्याचे. मानाची इच्छा मिसळलेले वैराग्य नित्य लोकस्तुतीने घासावे लागते. अपमानाचा थेंब पडताच ते विरते. परमेश्वराच्या ओढीने उपजलेले वैराग्य विजनात, भिक्षेत, कोणी पाहत नसताही तसेच राहते. म्हणून साधकाने आपली रेघ आपणच ओढून पाहावी. पितळ लोकांत उघडे पडण्याआधी स्वतःपुढे उघडे करावे, हाच अनुताप. तेथूनच खऱ्या आचारास आरंभ होतो.