क्रमांक आधीच ठरलेली शर्यत

शर्यत म्हटली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "पहिला कोण आला?" शाळेच्या क्रीडादिनी विचारतो, दहावीच्या निकालाच्या दिवशी विचारतो आणि खरे सांगायचे तर भाऊबंदकीतही मनातल्या मनात विचारतच असतो. कोणाचे घर आधी बांधून झाले? कोणाचा मुलगा आधी परदेशी गेला? पण ज्या शर्यतीत पहिला कोण येणार हे धावायला सुरुवात होण्याआधीच ठरलेले असते, त्या शर्यतीत जीव तोडून धावण्यात काही अर्थ आहे का? इटलीतील एक डोंगरी शहर गेली कित्येक शतके दरवर्षी या प्रश्नाचे उत्तर धावून देत आले आहे.

इटलीच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा प्रांत आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. टेकड्यांमागून टेकड्या, उतारावर ऑलिव्हच्या बागा आणि द्राक्षमळे, आणि उंचावर दगडी तटबंदीची जुनी शहरे, असा हा मुलूख. आपल्या सर्वांच्या परिचयाचे असिसी याच प्रांतातले. असिसीहून उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर गुब्बिओ हे शहर आहे. वडिलांचे घर आणि अंगावरचे कपडेही सोडून निघालेले संत फ्रान्सिस याच वाटेने गुब्बिओला गेले. वाटेत चोरांनी त्यांना मारहाण करून बर्फाच्या खड्ड्यात ढकलले, तरी ते गातच पुढे निघाले, असे त्यांचे पहिले चरित्रकार सांगतात. आज त्या वाटेवर पाठीवर पिशवी घेतलेले यात्रेकरू दिसतात, तसेच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत धावणारे हौशी धावपटूही दिसतात. त्या चढणींवर धावण्याचा आनंद घ्यायला लोक दूरदेशाहून येतात.

परंतु गुब्बिओची स्वतःची धाव निराळी आहे. दरवर्षी १५ मे रोजी, म्हणजे शहराचे आश्रयदाते संत उबाल्दो यांच्या सणाच्या आदल्या दिवशी, तेथे 'चेरी'ची धाव असते. 'चेरो' म्हणजे मोठी मेणबत्ती. 'चेरी' हे तिचे अनेकवचन. पूर्वी शहरातील कारागीर आपल्या संताला मेणाच्या मेणबत्त्या अर्पण करीत, त्यांची जागा पुढे लाकडी चेरींनी घेतली, असे परंपरा सांगते. आजचा चेरो पुरुषभर उंचीच्या दुपटीहून उंच असतो आणि डोलीसकट त्याचे वजन सुमारे तीनशे किलो भरते. असे तीन चेरी असतात. पहिल्याच्या माथ्यावर संत उबाल्दो, तो गवंड्यांचा. दुसऱ्यावर संत जॉर्ज, तो व्यापाऱ्यांचा. तिसऱ्यावर संत अँथनी. हे आपल्या ओळखीचे पदुआचे संत अँथनी नव्हेत, तर इजिप्तच्या वाळवंटात तप केलेले मठवासी अँथनी. हा तिसरा चेरो शेतकऱ्यांचा आणि विद्यार्थ्यांचा. पिवळे, निळे आणि काळे सदरे घातलेले वाहक हे चेरी खांद्यावर घेऊन सायंकाळी सहाच्या सुमारास बिशपांच्या आशीर्वादानंतर धावू लागतात. अरुंद गल्ल्यांतून, चौकांतून आणि शेवटी इंजिनो डोंगराच्या उभ्या चढणीवरून ते संत उबाल्दो यांच्या बॅसिलिकेपर्यंत पोहोचतात. अंतर चार किलोमीटरहून थोडे अधिक आहे आणि चढ सुमारे तीनशे मीटरचा. या तीन चेरींना तेथील लोकांच्या मनात इतके मानाचे स्थान आहे, की उंब्रिया प्रांताच्या ध्वजावरही तेच आहेत.

आता मुख्य गोष्ट. या धावेत क्रम कधीच बदलत नाही. पुढे संत उबाल्दो, मग संत जॉर्ज, शेवटी संत अँथनी. कोणी कोणाला मागे टाकायचे नाही, असा रिवाज आहे. पंढरीच्या वारीत जशा दिंड्यांच्या जागा ठरलेल्या असतात, तसेच हे. मग ती माणसे घामाघूम होऊन धावतात तरी कशासाठी? तेथील लोक धाव पाहताना पहिला कोण आला हे विचारतच नाहीत. ते विचारतात, चेरो पडला का? कलला का? तो ताठ पोहोचला का? पुढच्या चेरोपासून मागचा किती अंतरावर राहिला? म्हणजे ही धाव दुसऱ्याशी तुलना करून मोजली जात नाही. जे आपल्या खांद्यावर दिले गेले ते आपण कसे वाहिले, यावरून ती मोजली जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एवढे ओझे घेऊन संपूर्ण वाट कोणीच धावू शकत नाही. काही अंतरावर दुसरे वाहक वाट पाहत उभे असतात. चेरो न थांबवता, धावता धावताच एकाचा खांदा निघतो आणि दुसऱ्याचा खाली येतो. एकेकाच्या वाट्याला येते ती थोडीशी वाट. ती झाली की तो बाजूला होतो, धापा टाकत उभा राहतो आणि चेरो पुढे जाताना पाहतो. शिखरावर पोहोचण्याचा आनंद मात्र त्यालाही तेवढाच होतो. आपली श्रद्धा आपल्यापर्यंत अशीच आली नाही काय? कुणा आजीने संध्याकाळच्या रोझरीला सर्वांना बसवले, कुणा आजोबांनी पहाटेच्या मिस्सेला बोट धरून नेले. त्यांची थोडीशी वाट संपली. खांदा आता आपला आहे.

ही धाव ज्यांच्यासाठी धावली जाते ते संत उबाल्दो कोण होते? बाराव्या शतकात ते गुब्बिओचे बिशप होते आणि १६ मे ११६० रोजी मरण पावले. त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शहराचा तट बांधणाऱ्या मजुरांनी त्यांच्या द्राक्षमळ्याचे नुकसान केले. बिशपांनी सौम्यपणे हरकत घेतली, तेव्हा कामावरच्या मुकादमाने त्यांना ओल्या चुन्यात ढकलून दिले. बिशप उठले आणि एक शब्दही न बोलता घरी गेले. लोक मात्र खवळले आणि त्या मुकादमाला हद्दपार करायला निघाले. तेव्हा बिशपांनी सांगितले, की याचा न्याय मीच करणार. त्याला समोर आणल्यावर त्यांनी त्याला शांतीचे चुंबन दिले आणि प्रकरण संपवले. आज त्याच संताचा चेरो गवंड्यांच्या नावाचा आहे. ज्यांच्यापैकी एकाने त्यांना चुन्यात ढकलले, त्यांच्याच खांद्यांवर ते दरवर्षी डोंगर चढतात!

येथे कोणी म्हणेल, "पण संत पौल तर जिंकण्यासाठी धावा असे सांगतात." बरोबर आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात ते शर्यतीचा दाखला देतात. धावतात सगळे, बक्षीस एकालाच मिळते, तेव्हा मिळेल असे धावा, असा त्यांचा उपदेश आहे. पण ते पुढे काय म्हणतात तेही पाहावे. खेळाडू कोमेजणाऱ्या मुगुटासाठी देहाला शिस्त लावतो. आपला मुगूट न कोमेजणारा आहे. आणि आयुष्याच्या अखेरीस, तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपली धाव संपवल्याचे सांगून ते त्या मुगुटाबद्दल म्हणतात, की तो केवळ मलाच नव्हे, तर प्रभूच्या आगमनाची प्रेमाने वाट पाहणाऱ्या सर्वांना मिळणार आहे. म्हणजे पौलाची शिस्त खेळाडूची आहे, पण बक्षिसाचा हिशेब खेळाचा नाही. एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे हुकत नाही. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर प्रभू येशूला आपल्या आधी आत गेलेला अग्रेसर म्हणते. पहिला क्रमांक ठरून गेला आहे, बंधुभगिनींनो! तो आपल्याला मिळवायचा नाही, म्हणूनच आपण मोकळ्या मनाने धावू शकतो. देवाचे प्रेम मिळावे म्हणून आपण धावत नाही. ते स्नानसंस्कारात मिळालेच आहे, म्हणून धावतो.

योहानकृत शुभवर्तमानातली पास्काच्या पहाटेची धाव आठवा. पेत्र आणि प्रभूचा प्रिय शिष्य दोघे कबरेकडे धावतात. प्रिय शिष्य पुढे निघतो, आधी पोहोचतो, वाकून पाहतो, पण आत जात नाही. पेत्र मागून येतो आणि आधी आत जातो. वेग एकाचा, मान दुसऱ्याचा आणि तक्रार कोणाचीच नाही. रिकाम्या कबरेसमोर कोण आधी आला याला काय महत्त्व?

मात्र एक शंका प्रामाणिकपणे विचारायलाच हवी. ठरलेला क्रम आपल्या देशाला काही नवीन नाही. जन्मावरून माणसांचे क्रम ठरवून आपण शतकानुशतके कितीजणांना मागे उभे केले! शेतकऱ्यांचा संत नेहमी शेवटीच का, असे कोणी विचारले तर त्याला काय सांगावे? असे सांगावे, की दोन्हींत मोठा फरक आहे. गुब्बिओत त्या क्रमावर कोणाची भाकरी, कोणाचे पाणी, कोणाची प्रतिष्ठा अवलंबून नाही. तिन्ही चेरी एकाच डोंगरावर चढतात, आणि शेवटच्याला टाळ्या कमी मिळत नाहीत. जो क्रम माणसाला लहान करतो, तो मोडलाच पाहिजे. त्याला परंपरेचे नाव देऊन निभावून नेणे हे पाप आहे. पण क्रम मोडल्यावरही 'मी कोणाच्या पुढे?' हा प्रश्न मनातून जात नाही. त्याचे औषध निराळे आहे.

गुब्बिओचे लोकही काही देवदूत नव्हेत. बॅसिलिकेशी पोहोचल्यावर पहिल्या चेरोचे वाहक मागचे येण्याआधी दार लावून घ्यायला धडपडतात, आणि त्यावरून वर्षभर वाद रंगतात. माणूस शेवटी माणूसच! पण नंतर त्या तिघांचे काय होते ते पाहा. संतांच्या मूर्ती त्याच रात्री गाणी म्हणत शहरात परत नेल्या जातात आणि एकाच छोट्या चर्चमध्ये ठेवल्या जातात. ते चर्च संत फ्रान्सिस आणि गुब्बिओचा लांडगा यांच्या समेटाची आठवण जपणारे आहे. चेरी मात्र वर बॅसिलिकेतच राहतात, तिन्ही एकाच छताखाली, पुढच्या मे महिन्यापर्यंत. दार लावणाऱ्याला आणि दाराबाहेर राहिलेल्याला शेवटी घर एकच.

या आठवड्यात जेवणाच्या वेळी घरातल्यांनी मिळून दोन प्रश्नांवर बोलावे. माझ्या खांद्यावर देवाने काय दिले आहे, आणि ते ताठ आहे की कलले आहे? आणि ज्याच्या पुढे जाण्यासाठी मी इतके दिवस धावत आहे, त्याच्या ओझ्याखाली थोडा वेळ माझा खांदा देता येईल का? मुलांना निकालाच्या दिवशी "कितवा आलास?" असे विचारण्याआधी "थकलास का रे?" असे विचारले, तरी पुष्कळ झाले.

संत उबाल्दो, आमच्यासाठी विनंती करा.