रक्तातील खूण आणि अनुमानाची मर्यादा

न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचे अनुमान ग्राह्य ठरते ते व्याप्तीमुळे, म्हणजे दोहोंच्या अव्यभिचारी साहचर्यामुळे. आपत्कालीन विभागात रक्तातील प्रोकॅल्सिटोनिन मोजून न्यूमोनिया जिवाणूजन्य की विषाणूजन्य हे ठरवू पाहणारा डॉक्टर अशाच अनुमानावर विसंबतो. कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे हे पूर्वरूप एरवी मुख्यतः थायरॉइड ग्रंथीत तयार होते, जिवाणुसंसर्गात मात्र इतर अनेक ऊती ते रक्तात सोडतात. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वा गंभीर दुखापतीतही ते वाढत असल्याने हा हेतू (अनुमानाचा आधार असलेली खूण) नैयायिकांच्या परिभाषेत सव्यभिचार, म्हणजे जे सिद्ध करायचे ते साध्य नसतानाही आढळणारा, ठरतो. उलट बाजू अधिक घातक आहे: तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, तसेच मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूच्या न्यूमोनियात प्रोकॅल्सिटोनिन ०.२५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर या प्रचलित मर्यादेखाली राहू शकते. म्हणूनच २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी, रुग्णालयाबाहेर जडलेला न्यूमोनिया क्ष-किरणांनी निश्चित झाल्यावर, प्रौढांना पहिला आकडा कितीही असला तरी प्रतिजैविके सुरू करावीत असे सांगितले, आणि तर्कदृष्ट्याही ते योग्यच होते. तोच आकडा दिवसागणिक उतरत गेला, तर औषध केव्हा थांबवावे हे ठरवताना त्याचा आधार अधिक भक्कम असतो, कारण तेथे तुलना त्याच रुग्णाच्या आधीच्या रक्ताशी होते.