माहेरी न येणारा खोकला

बिब्बा कुणी उघड्या हातानं फोडत नाही. एकदा अंगावर उतला की माणूस जन्मभर जपून वागतो. गाजरगवत उपटून अंग खाजलं, की दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळतो. जे लगेच चटका देतं त्याला आपण मान देतो. लाकडाचं तसं नाही. लाकूड म्हणजे पाळणा, पाट, देव्हारा. त्यानं कुणाचं काय वाईट होणार, असं मी पन्नाशी ओलांडेपर्यंत धरून चाललो होतो.

दहावीनंतर शेती करता करता गावच्या सुतारमामांच्या हाताखाली रंधा, पटाशी शिकलो. खुरप्याच्या मुठी, कुळवाची डागडुजी, असलं घरापुरतं करायचो. 2012 च्या दुष्काळात रान पडून राहिलं, तेव्हा सोप्यात मशीन बसवलं आणि शिसवाचे, सागाचे पोळपाट करून बाजारात विकायला लागलो. रंध्याच्या ढलप्या जड, पायाशी पडतात. मशीनवर पॉलिश पेपर लावून घासलं की पिठाहून बारीक धूळ उडते आणि हवेतच तरंगत राहते. तिच्यातली सगळ्यात बारीक, जी छातीत खोल उतरते, ती तर दिसतही नाही. शिसवाचा गोडसर वास मला फार आवडायचा.

संध्याकाळी आमची मंडळी केरसुणीनं सोपा झाडायची, कोरडाच. भुसा पोत्यात भरून बंबाला घालायची. मशीनला तिनं कधी हात लावला नाही.

तिसऱ्या वर्षी तिला खोकला लागला. रात्री जास्त. आठ दिवस माहेरी गेली, तिथं एकदाही खोकली नाही. परत आली आणि दोन दिवसांत पुन्हा सुरू. मी सुनेसमोर म्हणालो, "माहेरी बरा थांबतो गं तुझा खोकला! कामाचा खोकला दिसतोय." ती काही बोलली नाही. केरसुणी उचलली.

पुढं तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय काम चालतं? बाहेरगावी गेल्यावर कमी होतो का?" मी हसत हसत माहेरची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, दमा आहे, आणि तो तुमच्या सोप्यात आहे. शिसव, सागाच्या धुळीनं काहींची कातडी उठते, काहींचा श्वास धरतो. एकदा अंगानं वैर धरलं, की मग चिमूटभर धूळही पुरते. तोंडाला बांधायचा रुमाल बारीक धूळ अडवत नाही, हेही तेव्हाच कळलं. आणखी एक सांगितलं. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कॅन्सर होऊ शकतो, क्वचित होतो, पण होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1995 सालीच तसं ठरवलंय. म्हणजे मी पहिला पोळपाट विकायच्या सतरा वर्षं आधी. मशीन विकणाऱ्यानं मला पट्टा कसा बदलायचा ते दाखवलं, हे नाही.

न कळता झालेलं पाप लागतं का, यावर आमच्या पारावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. माझं मत, पहिल्या तीन वर्षांपुरतं मी सुटतो. पण पुरता नाही. तिचा खोकला कुठं थांबतो हे मला डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. पुरावा माझ्याच हातात होता, मी त्याचा टोमणा केला.

आणि पुढचं तर सांगायलाच जड जातं. दवाखान्यातून आलो तेव्हा लग्नसराईच्या चाळीस पोळपाटांची आगाऊ रक्कम खर्च झाली होती. तिला म्हणालो, "तू आत बस, दार लावून घे." कॅन्सरचं सांगितलंच नाही. चार महिने मशीन सोप्यातच फिरलं. दाराच्या फटी मीच ठोकलेल्या दाराच्या, त्या केवढ्या ते मला ठाऊक होतं.

आता मशीन मळ्यात आहे, वाऱ्याची दिशा बघून बसतो. झाडायच्या आधी पाणी मारतो, चांगला मास्क लावतो, अंगावरचे कपडे तिथंच बदलतो. तिला थंडीत अजून पंप ओढावा लागतो.

परवा हे सगळं तिला वाचून दाखवलं. कॅन्सरचं ऐकून ती घाबरेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "धुळीचं राहू द्या. सुनेसमोर बोललात, ते लिवलंय का?"

लिहिलंय म्हटलं. "मग तिलाबी वाचून दाखवा," म्हणाली, आणि दळण घेऊन गेली.