बाळबांधणी

उसाची लागण करताना आमच्या वारणा खोऱ्यात सगळ्यात जास्त जपतात तो कांडीवरचा डोळा. बेणे तोडताना कोयत्याचा घाव त्याला लागू द्यायचा नाही आणि सरीत कांडी दाबताना तो मातीत गुदमरेल असा खोल घालायचा नाही. पुढे कोंब वर येतात, फुटवे धरू लागतात आणि बाळबांधणीची वेळ येते. सरीच्या बगलेची थोडी माती रोपांच्या बुडख्याला लावायची, एवढेच ते काम. पण हात तिथेच तयार व्हावा लागतो. माती कमी पडली तर वाऱ्यापावसात रोप हलते. जास्त झाली तर फुटवा गाडला जातो. वडील सांगायचे, "माती लाव, पर फुटवा गाडू नगंस."

पुढे मी मास्तरकी पत्करली आणि शिक्षणशास्त्राची पुस्तके वाचू लागलो. युरोपातले मोठमोठे विचारवंत दोन-अडीच शतके ज्या प्रश्नाशी झुंजत आले, तो वडिलांच्या या एका वाक्यात मावतो, हे तेव्हा लक्षात आले.

मूल म्हणजे उमलणारे रोप, हे वाक्य आज प्रत्येक शिक्षकदिनी ऐकू येते. ते अनादी काळापासूनचे असावे असेच वाटते. पण शाळांची व्यवस्था त्यावर उभी राहावी, हा विचार तसा अलीकडचा. त्याआधी चालत होती ती कुंभाराची उपमा. मूल हा मातीचा गोळा, गुरुजी कुंभार. थापटून, आकार देऊन, भट्टीत भाजून मडके तयार करायचे. कुंभाराच्या उपमेत आकार कुंभाराच्या मनात असतो. शेतकऱ्याच्या उपमेत तो बेण्यातच असतो. शिक्षणाला कुंभाराच्या चाकावरून उचलून शेतात आणले ते युरोपातल्या रोमँटिक चळवळीने.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही चळवळ बहरली. बुद्धिवादाने जग यंत्रासारखे समजावून दिले होते आणि इंग्लंडात खरीखुरी यंत्रेही धडधडू लागली होती. अशा वेळी काही कवी, चित्रकार आणि तत्त्वज्ञ म्हणू लागले की माणूस केवळ तर्काने जगत नाही. भावना, कल्पना, निसर्गाशी असलेले नाते आणि प्रत्येकाचे वेगळेपण हेही ज्ञानाचेच मार्ग आहेत. मराठीत या विचाराला कुणी स्वच्छंदतावाद म्हणाले, कुणी सौंदर्यवाद. दोन्ही नावांत काहीतरी सांडते. 'स्वच्छंद' म्हटले की बेबंदपणाचा वास येतो, 'सौंदर्य' म्हटले की नुसती सजावट वाटते. रोजच्या बोलण्यात 'रोमँटिक' म्हणजे तर सिनेमातले प्रेम. या तिन्ही अर्थांपलीकडे चळवळीचा गाभा आहे तो आतून उगवण्यावरच्या विश्वासाचा.

तो विश्वास शिक्षणात पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडला रूसोने. १७६२ साली त्याचे 'एमिल' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये आणि जिनिव्हात ते जाळण्यात आले. मूल म्हणजे अपुरा मोठा माणूस नव्हे. बालपणाला स्वतःचा अर्थ आहे. पुस्तकाआधी अनुभव आणि उपदेशाआधी निसर्ग, असे त्याचे म्हणणे. आज हे साधे वाटते, पण मोठेपणाची तयारी म्हणून बालपण खर्ची घालणाऱ्या काळात हा मोठा धक्का होता.

तरीही 'एमिल' वाचताना मी दर वेळी अडखळतो. रूसोचा एमिल सुखवस्तू घरातला एकुलता विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी एक शिक्षक जवळजवळ आपले सगळे आयुष्य देतो. सोफी या मुलीचे शिक्षण मात्र एमिलला सुख देण्यापुरते आखलेले. आणि स्वतः रूसोने आपली पाचही मुले अनाथालयात सोडली, अशी कबुली त्यानेच दिली आहे. विचार मोलाचा होता, पण तो वाढला एका मुलाच्या कुंडीत. या कुंडीतल्या रोपाला रान कसे मिळाले, हीच पुढची सगळी कहाणी आहे.

स्वित्झर्लंडच्या पेस्तालोझीने रूसोवरून आपल्या मुलाचे नाव ठेवले होते आणि त्याला 'एमिल'च्या पद्धतीने वाढवूनही पाहिले. तो प्रयोग फसला. पण १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या हल्ल्यात स्टान्सच्या परिसरात पोरकी झालेली मुले सांभाळायला तो गेला आणि तिथे या विचाराला नवे वळण लागले. मुलांसोबत तो राहिला, त्यांच्यातच जेवला-झोपला. त्यातून त्याला उमगले की मुलाची वाढ आतून होते हे खरे, पण त्याआधी पोटाला अन्न आणि पाठीवर हात हवा. डोके, हृदय आणि हात या तिघांचे शिक्षण एकत्र चालावे, हे त्याचे सूत्र युद्धात होरपळलेल्या मुलांच्या सहवासात घडले आहे. वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रहही १७९८ चाच. इंग्लंडात साध्या खेडुतांना कवितेत जागा मिळत होती आणि तिकडे स्टान्समध्ये पोरक्या मुलांना शिक्षणात.

पेस्तालोझीच्या शाळेत काही काळ काम केलेला फ्रोबेल हा जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलात वाढलेला, तान्हेपणीच आई गमावलेला माणूस. १८३७ साली त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. मुलांची बाग. ही नुसती उपमा नव्हती, तिथे खरोखर वाफे होते. प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक छोटा वाफा आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक. व्यक्ती आणि समाज यांच्यावर हजारो पाने लिहिली गेली आहेत. फ्रोबेलने ती गोष्ट दोन वाफ्यांत दाखवली. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी फ्रोबेल गेला. बाग मात्र जगभर पसरली.

आपल्याकडे हा विचार आला तो इंग्रजी क्रमिक पुस्तकांत बसून. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८८० मध्ये कोल्हापुरात राजाराम कॉलेज उभे राहिले आणि मराठी तरुण इंग्रजी कवी वाचू लागले. मुक्ततेची कविता परीक्षेसाठी घोकली जात होती. पण त्या घोकंपट्टीतूनही ठिणगी उडाली. पोटासाठी शाळामास्तरकी करणाऱ्या केशवसुतांनी मराठी कवितेला 'मी' म्हणायला शिकवले. बालकवींनी निसर्गाकडे लहान मुलाच्या नजरेने पाहण्याची मुभा मोठ्यांना दिली. मुलाची नजर ही मोठ्यांनी सुधारायची गोष्ट नसून जपायची गोष्ट आहे, हे मराठी मनाला आधी कवितेने पटवले. शाळेला ते पटायला आणखी काही दशके जावी लागली.

दरम्यान आमच्या करवीर संस्थानात शिक्षणाचा दुसरा प्रवाह वेगाने वाहत होता. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या विचाराला सक्ती हा शब्द खटकेल. पण ज्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्यांच्यासाठी ती सक्ती म्हणजे दार उघडणे होते. रूसोने एका मुलाला मोकळे सोडले, महाराजांनी साऱ्या मुलांना आत घेतले. या दोन गोष्टींची गाठ पडल्याशिवाय आपले शिक्षण पुरे होणार नव्हते.

ती गाठ बांधली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसोरी पद्धतीवर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथवर हे शिक्षण शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांचे होते. १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई त्यांच्यासोबत होत्या. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, खडे आले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली.

बालवाडी आणि अंगणवाडी या शब्दांकडे जरा थांबून पाहावे. वाडी म्हणजे झाडांची बाग, तशीच वाडी म्हणजे चार घरांची वस्ती. आमच्या पन्हाळा तालुक्यात डोंगराच्या प्रत्येक कुशीत अशी एखादी वाडी आहे. 'किंडरगार्टन'ला मराठीत इतके नेमके घर मिळेल असे फ्रोबेलला स्वप्नातही वाटले नसते. फ्रोबेलची बाग त्या एका शब्दात गावकुसाजवळ आली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर गेले.

कोल्हापुरात या कहाणीला आणखी एक पदर आहे. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे ना. सी. फडके 'कलेसाठी कला' म्हणत होते. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी मास्तरकी करून कोल्हापुरात आलेले वि. स. खांडेकर 'जीवनासाठी कला' म्हणत होते. मराठी वाचकांच्या दोन पिढ्या या वादात रमल्या. फडक्यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले, त्याकडे पाहताना मला तो वाद मिटल्यासारखा वाटतो. मुलाने चित्र काढावे ते काढण्याच्या आनंदासाठीच. पण त्या आनंदातून त्याला आपले गाव, आपली माणसे, त्यांचे कष्ट दिसू लागावेत, हा त्या शाळेचा ध्यास. सृजन आणि आनंद हे दोन्ही शब्द रोमँटिक विचाराचेच, पण लीलाताईंनी त्यांना कामाला लावले.

आणि आमचे वारणानगर? तात्यासाहेब कोरे यांनी माळावर साखर कारखाना उभा केला, त्याभोवती दूध संघ, बाजार, शाळा, कॉलेजे उभी राहिली. सहकाराचा हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. शेतकऱ्यांच्या पोरांच्या हातात वाद्ये द्यावीत असे या माणसाला वाटले आणि वारणेचा बालवाद्यवृंद घडला. उसाला भाव मिळावा ही गरज सर्वांनाच कळते. पोराच्या बोटांना सूर मिळावा हीसुद्धा गरजच आहे, हे कळायला वेगळे मन लागते.

वाद्यवृंदाच्या एका कार्यक्रमात झांज घेऊन उभा असलेला एक लहानगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या रचनेत त्याच्या वाट्याला मोजके ठोके होते. बाकी सगळा वेळ तो नुसता उभा, नजर समोरच्या हातावर, ओठ मात्रा मोजताना हलत असलेले. त्याची वेळ आली, झांज वाजली आणि त्याचा चेहरा असा उजळला की जणू ती सगळी रचना त्या एका ठोक्यासाठीच बांधली होती. मोकळे सोडले म्हणून तो आनंद त्याला मिळाला नव्हता. तो मिळाला होता महिनोन् महिने ताल अंगात मुरवल्यामुळे आणि त्याच्या ठोक्याशिवाय रचना पुरी होणार नव्हती, यामुळे. फ्रोबेलचे दोन वाफे मला त्या मंचावर दिसले: एक त्याचा, एक सगळ्यांचा.

पण हा आनंद घेऊन घरी येताना वाटेत मजुरांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या लागतात. गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यांची मुले पहाटेच्या गारठ्यात फडात असतात. पाखरे, माती, ऊन, मोकळे आभाळ, रूसोने एमिलसाठी मागितलेले सगळे त्यांच्याजवळ आहे. नाही ती शाळा आणि नाही ते बालपण. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी बसलेली असते. निसर्ग हाच गुरू, हे वाक्य त्या मुलीसमोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. साखरशाळा निघाल्या, कायद्याने प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, तरी दर हंगामात कितीतरी मुलांचा वर्ग अर्ध्यावर तुटतो. मूल आतून उगवते, या विचाराची कसोटी कुठल्याही सुंदर शाळेत लागत नाही. ती या कोपीपाशी लागते.

म्हणून मला रोमँटिक विचार सोडावासा वाटत नाही आणि भाबडेपणाने धरावासाही वाटत नाही. आज वाड्यावस्त्यांवर शिकवण्यांचे फलक लागले आहेत, तिसरी-चौथीची पोरे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांखाली वाकली आहेत, पालक गुणांच्या टक्केवारीत पोरांचे मोल करू लागले आहेत. कुंभाराचे चाक पुन्हा जोरात फिरते आहे. अशा वेळी प्रत्येक कांडीला स्वतःचा डोळा असतो, हे कुणीतरी सांगत राहिले पाहिजे. आणि नुसता डोळा असून भागत नाही, त्याला माती आणि पाणी लागते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

लहानपणी बाळबांधणीला बैलांचे औत सरीतून पुढे जायचे आणि दोन्ही बाजूंना माती पडत जायची. औताला प्रत्येक रोप वेगळे दिसत नसते, त्याला अख्खे रान उरकायचे असते. औताशिवाय शेती होणार नाही, तशी शाहू महाराजांच्या कायद्याशिवाय, सरकारी शाळेशिवाय, अंगणवाडीशिवाय सगळ्या मुलांपर्यंत पोचता येणार नाही. पण औताच्या मागून आम्ही पोरे वाकून चालत असायचो. मातीखाली गेलेला फुटवा दिसला की बोटांनी माती बाजूला करायची, त्याला वर काढायचे, बुडाला पुन्हा थोडी माती चेपायची आणि पुढच्या रोपाकडे जायचे. संध्याकाळी कंबर भरून यायची.

मास्तर म्हणून मी आयुष्यभर दुसरे काही केले नाही. रूसोपासून लीलाताईंपर्यंतच्या माणसांनीही, मला वाटते, हेच सांगितले.