रोहिणी कशावरून?

ज्ञान आणि विश्वास यांमधील सीमारेषेविषयीं तत्त्ववेत्त्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे, व तें वर्गांत समजावून सांगण्यांत माझें अर्धें आयुष्य गेलें. परंतु ही रेषा मला स्वतःला स्पष्ट दिसली ती गेल्या माघांत, घराच्या गच्चीवर, एका संगणकयुक्त दुर्बिणीपाशीं.

नवशिक्यांसाठीं केलेली ही दुर्बीण आज्ञा होतांच हव्या त्या ताऱ्याकडे आपण होऊन वळते. मात्र तत्पूर्वीं तिला दिशा लावून द्यावी लागते. तिवई समतल करून स्थळ, दिनांक व वेळ सांगावयाची आणि मग एखादा ओळखीचा तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणून 'हा अमुक' असें तिला कळवावयाचें. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. वेळ तासाभरानें चुकली तर सारें आकाशच तितकें सरकतें. ही सर्व माहिती मीं बिनचूक भरली, आणि शेवटीं रोहिणी मध्यावर आणली.

शेजारचा दहा वर्षांचा मुलगा सोबत होता. त्याला मृगांतील तेजोमेघ दाखवावयाचा होता. दुर्बीण वळली, थांबली. पण पाहतों तों काळोखाखेरीज विशेष कांहीं नाहीं. तिचें तोंड मृगाकडे नसून भलतीकडेच आहे, हेंही माझ्या ध्यानांत आलें नाहीं. यंत्र बिघडलें, असा निकाल मीं तत्काळ दिला. मुलगा म्हणाला, "काका, पण ती रोहिणीच कशावरून?"

मी निरुत्तर झालों. तारा ठळक आणि लालसर होता, एवढेंच; पण रोहिणीपासून सुमारें २१ अंशांवर असलेली काक्षीही ठळक आणि लालसरच आहे. मीं सांगितलें म्हणून यंत्रानें ती रोहिणी मानली. आणि यंत्रानें मानली म्हणून माझी खात्री झाली! नैयायिक ह्यालाच अन्योन्याश्रय म्हणतात. दोन तारे दिले असते तर त्यांमधील खरें अंतर यंत्राला ठाऊक असल्यानें माझी चूक उघडी पडली असती. एकाच साक्षीदारावर मात्र त्याला विश्वास ठेवणें भाग होतें.

यंत्र असतां तारे ओळखावयाचे कशाला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः यंत्रानें हजारों ताऱ्यांच्या ओळखीचें ओझें उतरविलें, पण एका ओळखीचें ओझें तेवढेंच वाढविलें. कारण बाकीचें सर्व तिच्यावर उभें आहे.

मग ती ओळख कशाच्या आधारें पटवावयाची? ऐतरेय ब्राह्मणांत प्रजापति मृगरूपानें आपल्या कन्येमागें धांवतो, आणि व्याध त्याच्यावर त्रिकांड बाण सोडतो. आकाशांत तो बाण म्हणजे मृगाच्या पोटांतील एका ओळींतले तीन तारे. ती ओळ एकीकडे वाढविली तर व्याध लागतो, दुसरीकडे वाढविली तर रोहिणी. हेंही शब्दप्रमाणच, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा, पण हा शब्द असा आहे कीं, तो खरा कीं खोटा हें दहा वर्षांचें पोर बोट लांबवून ठरवूं शकतें. विश्वास आणि अंधविश्वास यांत मला तरी याहून दुसरा भेद सांपडलेला नाहीं.

मुलानें बोट लांबविलें, मीं दुर्बीण पुन्हां लावली, आणि तेजोमेघ दिसला. तो बराच वेळ डोळा लावून बसला. मी मात्र मनांत मोजीत होतों: वर्गांत मीं आजवर किती मतें 'ही रोहिणी' म्हणून ठामपणें सांगितलीं, आणि त्यांतील किती विद्यार्थ्यांनीं 'कशावरून?' असें विचारलें. विचारणारे फार थोडे आठवले. आणि त्यांना मीं काय उत्तर दिलें होतें, तें आठवूं नये असेंच वाटलें.