सनदेत न आलेले प्रवासी

मराठ्यांच्या उत्तरेकडील विस्ताराचा इतिहास आपण वाचू लागलो म्हणजे फौजा दिसतात, तहनामे दिसतात, चौथाईचे हिशेब आणि सनदांवरील शिक्के दिसतात; परंतु ज्या कुटुंबांनी नर्मदा ओलांडून सागर, दमोह, जबलपूर, झाशी, काल्पी या मुलुखात चुली मांडल्या, त्यांची लेकरे त्या वाटेने कशी आली, कोठे निजली आणि काय खाऊन राहिली, याविषयी आपल्या दफ्तरांत अवाक्षर सापडणे कठीण. कोणाला कोणत्या साली कोणता परगणा मिळाला हे बिनचूक सांगणारा आपला इतिहासकार त्या परगण्यात पहिल्या पावसाळ्यात किती पाळणे हलले याचा विचारही करीत नाही. माझ्या मते ही केवळ तपशिलाची उणीव नसून स्थलांतराचे मर्मच हातचे सुटल्याची खूण आहे. कारण स्थलांतर घडते ते मोठ्यांच्या हुकमाने, पण कायम होते ते मुलांमुळे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबांची कथा नेमकी उलट आहे. १८४३ साली सुमारे एक हजार माणसांचा जथा मिसुरी नदीलगतच्या इंडिपेन्डन्स गावाहून ओरेगॉनकडे निघाला, आणि पुढच्या पाव शतकात तीन-चार लाख माणसे, कापडी छपरांच्या गाड्यांना बहुधा बैलच जुंपून, सुमारे दोन हजार मैलांच्या त्या वाटेने पश्चिमेस गेली. गाडीत सामान आणि आजारी माणूस. बाकीच्यांनी, मुलांसुद्धा, बहुतेक वाट पायीच तुडवावयाची. त्यांतील बायकांनी रोजनिश्या लिहिल्या, मुलांनी म्हातारपणी आठवणी सांगितल्या. १८६७ मध्ये जन्मलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंनी आपल्या अजाण वयातला कॅन्ससकडचा गाडीप्रवास १९३५ साली पुस्तकात उतरविला आणि तो जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. इतके शब्द एका वाटेवर वेचले गेल्यावर ती वाट साऱ्या राष्ट्राची पोथी होऊन बसली यात नवल ते काय! इंगल्स कुटुंबाने ज्या जमिनीवर झोपडी उभारली ती ओसेज लोकांची होती, ही गोष्ट मात्र त्या पोथीच्या वाचकाला सहसा बोचत नाही.

आपल्याकडील पहिली लाट गाडीतून आलीच नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. कोकणातील नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर, ज्यांना आपण गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखतो, छत्रसालाकडून बाजीरावास मिळालेल्या बुंदेलखंडातील हिश्श्याचा कारभार पाहू लागले आणि सागर हे त्यांचे ठाणे झाले, त्या काळी सह्याद्रीच्या घाटांत चाकाला वाटच नव्हती. माणसे पायी चालत, बायका डोलीत वा तट्टावर, सामान लदाऊ बैलांच्या पाठीवर, आणि मूल कोणाच्या तरी कडेवर. १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि महिन्याभरात पानिपत झाले. फौजेबरोबर निघालेला बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा जो तांडा तेथे अडकला, त्याचा आपल्या लेखनात ‘बाजारबुणगे’ या एका तुच्छतादर्शक शब्दात निकाल लागतो. त्यांत पोरे होती हे सांगण्यास वेगळे वाक्य खर्ची पडत नाही. गोविंदपंतांचे वंशज मात्र सागर सोडून गेले नाहीत. १७८१ मध्ये त्यांनीच गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपविले, पुढे सतरा वर्षांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ अखेर जबलपुरावर इंग्रजांचा अंमल बसला.

त्याच १८१७ च्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ ठोकून असलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत पटकीचा जो उद्रेक झाला, तो इतिहासात नोंदला गेला आहे. हिंदुस्थानातून निघालेली ही पटकी पुढच्या लाटांत १८३२ मध्ये अमेरिकेस पोहोचली आणि १८४९ नंतर ओरेगॉनच्या वाटेवर तिने इतके बळी घेतले, की इंडियन लोकांच्या हल्ल्यांत मेलेल्यांची संख्या तिच्यापुढे किरकोळ ठरावी. दोन्ही खंडांतील वाटसरू पोरांचा खरा वैरी एकच होता, आणि तो डबक्याच्या पाण्यात राहत होता.

चाकाचे युग आले ते सडकेबरोबर. १८६१ साली नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रांत एकत्र करून मध्यप्रांत निर्माण झाला, आणि मराठी कारकून, मास्तर, वकील, ओव्हरसियर यांना कामठी, देवलापार, खवासा, कुरईचा घाट, शिवनी, छपारा, लखनादोन, धूमा, बरगी असा सुमारे १६५ मैलांचा रस्ता मोकळा झाला. १८७० च्या मार्चात मुंबईकडून येणारा लोहमार्ग जबलपुरात अलाहाबादच्या मार्गाला मिळाला. अमेरिकेतील दोन सागरांना जोडणारी रेल्वे पुरी होऊन तेव्हा वर्षसुद्धा झाले नव्हते. तेथे रेल्वेने वाटेवरच्या गाड्यांची सद्दी संपविली. येथे मात्र तिने नागपूरकराची फारशी सोय केली नाही, कारण नागपुराहून रुळांवरून जबलपूर गाठायचे तर भुसावळ, खंडवा, इटारसी असा प्रचंड वळसा पडे. साहजिकच बदलीचा हुकूम आलेल्या ज्या गृहस्थाजवळ संसार मोठा आणि पैसा बेताचा असे, त्याला विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाची छोटी गाडी सुरू होईपर्यंत बैलाचाच आधार होता.

अशा प्रवासाचे चित्र, कोणाचीही रोजनिशी हाती नसली, तरी त्या काळच्या गृहव्यवस्थेवरून उभे करता येते. सामानाची बंडी पुढे, मागे बायकामुलांची. बांबूच्या कमानींवर तट्ट्या आणि वर जाजम टाकलेले, आत कडब्यावर सतरंजी, कण्याशी वंगणाचे नळकांडे लोंबते आहे. दिवसाकाठी दहा-बारा मैल, म्हणजे दोन आठवड्यांचा पल्ला. निघायचे दसऱ्यानंतर, काळ्या मातीचा चिखल वाळल्यावर. ऊन चढले की आंब्याच्या बागेत बैल सोडायचे. डब्यात दशम्या, पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजविलेल्या, म्हणजे प्रवासातही सोवळे टिकावे. घाट आला की बैलांवरचे ओझे हलके करण्यासाठी सगळे खाली. थोरली मुले चाकामागे ठेवायचा दगड हातात घेऊन गाडीबरोबर चालत आहेत. शेवटी तिलवारा घाटावर नर्मदेचे दर्शन, नारळ, आणि पलीकडे नवा मुलूख. या साऱ्या बंदोबस्तात एक छिद्र राहून जाई. आजीच्या दशम्या सोवळ्यातल्या असल्या, तरी तहानलेले सात वर्षांचे पोर लोधी किंवा गोंड गाडीवानाच्या लोट्याने पाणी प्यायल्याशिवाय आणि त्याच्या तोंडून बैलांना घातलेल्या शिव्या पाठ केल्याशिवाय राहिले असेल, यावर माझा विश्वास नाही. जबलपूर यायच्या आधीच ते निम्मे जबलपूरचे झालेले असे.

बापाची गोष्ट वेगळी. त्याच्या लेखी ही चाकरी होती, वस्ती नव्हे. कुलदैवत कोकणात वा देशावर, मुलीचे लग्न जमवायचे ते तिकडे, पेन्शन झाले की परत जायचे. अमेरिकन वाटसरूने परतीचा विचार बहुधा मागे टाकलेला असे, म्हणून तो वाटेविषयी लिहीत सुटला. आपला मनुष्य स्वतःला कायमचा बाहेरगावी असलेला समजला, म्हणून त्याला वाट नोंदविण्याजोगी वाटली नाही. या मौनाला विनय म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा हे बरे. ज्या भूमीवर आपण मांडव घातला ती एका राजवंशाची होती, आणि त्याच्या शेवटात आपला हात होता. ओसेजांविषयी अमेरिकन वाचकाला जी बोच नाही, ती गोंडांविषयी आपल्याला तरी कुठे आहे?

या मुलांनी व नातवंडांनी पुढे काय केले ते मात्र सर्वांसमोर आहे. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली जन्मलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेले, आणि हिंदी गद्याच्या शिल्पकारांत स्थान मिळविले. गजानन माधव मुक्तिबोध, जे काही काळ आमच्या जबलपुरातही राहिले, ते हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरातून दोन भाषांकडे गेलेल्या या दोन वाटांपैकी कोणतीच घरातील वडील माणसांनी आखून दिलेली नसावी. पिढीजात मराठीपणाची चिंता वाहणारे आमचे काही मित्र सप्र्यांना गमावलेले समजतात. मला ते हिशेबात जमेच्या बाजूस धरावेसे वाटतात.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले; त्यामागोमाग वकील आले, पेशकार आले, कारकून आले, ट्रंका आणि वळकट्या घेऊन त्यांची बिऱ्हाडे आली. त्या वेळी जी मुले आठ-दहा वर्षांची होती ती आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि सुदैवाने त्यांतील पुष्कळांची स्मृती शाबूत आहे. कुलवृत्तान्तांसाठी आणि मंडळांच्या स्मरणिकांसाठी त्यांच्याकडे छापील तक्ते येतात. त्यांत गोत्र, उपनाव, कुलदैवत आणि मूळगाव विचारलेले असते. नव्या गावातल्या शाळेत पहिल्या दिवशी हजेरी कोणत्या भाषेत दिली आणि शेजारी कोण बसले होते, याचा रकाना त्यांत नसतो.