हानी, भरपाई आणि प्रायश्चित्त

वस्तूचे मोल ठरले की तिची भरपाईही ठरते, असे व्यवहार मानतो. नीतिविचाराला मात्र ही गोष्ट इतकी सरळ वाटत नाही. मोडलेली खुर्ची भरून देता येते. तोडलेला जुना वृक्ष भरून देता येतो काय? आजवर हा प्रश्न हळव्या मनाचा समजला जाई. इंग्लंडने त्याला कायद्याच्या चौकटीत बसविले, म्हणून त्याचा विचार नव्याने करणे प्राप्त आहे.

तेथील २०२१ च्या पर्यावरण अधिनियमानुसार, बांधकामाने निसर्गाचे जे नुकसान होईल ते भरून काढून वर किमान १० टक्के वाढ करून दाखविणे बंधनकारक ठरले. १२ फेब्रुवारी २०२४ पासून ही अट मोठ्या प्रकल्पांना आणि त्याच वर्षी २ एप्रिलपासून बऱ्याच लहान प्रकल्पांनाही लागू झाली. जागेवरील कुरण, झाडी, तळे यांचे क्षेत्रफळ, वैशिष्ट्य, स्थिती व स्थान पाहून 'एकके' मोजावयाची, बांधकामानंतरची एकके त्यांच्याशी ताडावयाची आणि स्थानिक नियोजन प्राधिकरणाने वाढीचा आराखडा मान्य केल्यावरच काम सुरू करावयाचे, अशी ही रीत आहे. वाढ शक्यतो त्याच जागी साधावी. न साधल्यास अन्यत्र. तेही अशक्य झाल्यास सरकारकडून पतांक विकत घ्यावेत. अन्यत्र निर्माण केलेला अधिवास किमान ३० वर्षे सांभाळावा लागतो.

या योजनेचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्या ओसाड दिसणाऱ्या कोपऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, तो मोजल्याशिवाय आता पुढे जाता येत नाही. मोजणे म्हणजे निदान पाहणे तरी होय.

परंतु मोजणाऱ्याची दृष्टी मोजमापाएवढीच असते. चंडोल पक्षी उघड्या शेतात जमिनीवर घरटे करतो. धान्याच्या शेताला या हिशेबात फारच थोडे मोल आहे. तेथे घरे बांधून कडेला तळे खोदले, झाडे लावली, तर कागदावर वाढ दिसू शकेल. चंडोलाचे माळरान मात्र गेलेले असेल. कारण हिशेब अधिवासाचा आहे, प्रत्यक्ष जिवाचा नाही. शिवाय हानी आज होते आणि लाभ पुढे कधीतरी होणार असतो. रोपाचे झाड होईपर्यंत त्या पाखराने कोठे जावे, याचे उत्तर अंकगणितात सापडत नाही. गणिताने विलंब व अंतर यांसाठी वजावट ठेवली आहे खरी; पण वजावट म्हणजे निवारा नव्हे.

या हिशेबाची मर्यादा कायद्यानेच मान्य केली आहे, हे विशेष. इ. स. १६०० पासून अखंड टिकून असलेली प्राचीन वने व पुरातन वृक्ष यांना तेथे 'अपरिवर्तनीय' मानले जाते. त्यांची हानी दहा टक्क्यांच्या गणिताने भरून निघत नाही. म्हणजे काही गोष्टींचा मोबदला नसतो, हे हिशेबनिसानेच कबूल केले. मग उरलेल्या गोष्टींना मोबदला असतो, हे तरी कशावरून?

मला येथे आपल्या परंपरेतील प्रायश्चित्ताची कल्पना उपयोगी वाटते. प्रायश्चित्त हे पापाचे मूल्य नव्हे. ते घडलेल्या चुकीची कबुली आहे. पुढच्या चुकीचा आगाऊ परवाना नाही. भरपाईकडे याच दृष्टीने पाहिले तर ती बांधणाऱ्याला आधी विचारावयास लावील : हे तोडल्यावाचून भागणार नाही काय? तिच्याकडे किंमत म्हणून पाहिले, तर ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला हा प्रश्नच पडणार नाही.

आपल्या देशातही वनजमीन वळती केल्यास पर्यायी वनीकरण करण्याची अट आहे आणि त्या निधीसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून बाजूस सारता येणार नाही. पिढ्यान्पिढ्या परप्रांतात राहिलेल्या आपल्या घराण्यांना तर तो अधिकच कळावा. उपटून दुसरीकडे लावलेले रोप जगते, फोफावते, फळही धरते. तथापि ज्या मातीतून ते निघाले, तेथला खड्डा त्यामुळे भरत नाही. लावणाऱ्याने एवढे स्मरणात ठेवले तरी त्याची कुऱ्हाड क्षणभर थांबेल. नीतीला तो क्षणच हवा असतो.